चार बोटं

मे महिन्यात नागपुरात समुद्राचं ठरवायचं
म्हणजे कूलरच्या टाकीत हात घालून बसायचं.
मी खरंच बसलोय.
नऊ मीटरच्या पतंगाची रबरी नळी पाण्याखाली दाबून
बुडबुडा कुठून येतो ते बघतोय.
शेचाळीस डिग्री. भिजल्या खसाचा वास.
आणि एक बारीक, चिवट बुडबुडा,
जो गेल्या जुलैत अर्ध्या तासात
पतंगाचा कणा मऊ करून टाकायचा.
सापडला. पेनानं गोल. बाकी काम
कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या झाकीरभाईचं.

यादी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर:
सात आणि नऊ घ्यायचे. बारा घरी राहील,
तिकडे जुलैत बाराला कोणी विचारत नाही.
हुकवाला चाकू. दोन शिट्ट्या. मदुरैपर्यंतची तिकिटं,
तिथून थूथुकुडीच्या खाली, जीपनं.
होडीवाला सेल्वराज, रोजचे पैसे आधी,
कारण वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे सुटतो
आणि हातातनं निसटलात
तर पुढचं गाव म्हणजे लंका.

ओजसचा फोन आला. तळ्यासारख्या पाण्यात
सहा दिवस शिकून आलाय, उड्यांचे व्हिडिओ पाठवतो.
मी विचारलं, खोल पाण्यात पतंग पडला,
दोऱ्या पायात गुंतल्या, होडी दिसत नाही. मग?
तो म्हणाला, असं कशाला होईल काका?
म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.
फरहाना म्हणते मी कडक बोललो.
फरहानाच्या हनुवटीवर पाच टाके आहेत,
तरी ती म्हणते.

पहाटे पाच. तांडापेठेतली गल्ली,
चोवीस मीटर सरळ मिळते ती एवढीच.
विजेच्या खांबाला चारही दोऱ्या अडकवल्या,
दुसरी टोकं हातात घेऊन मी मागे सरकतोय,
तेवढ्यात बनियनवर बाबा.
चाळीस वर्षं हातमागावर, आता गुडघे गेले,
बोटं नाही गेली.

"संक्रांत तं होऊन गेली, काऊन बे?"
समुद्रावरचा पतंग आहे, बाबा. माणसाला ओढतो.
"कोनाची काटतं मंग?"
कोणाचीच नाही.
"काटायची नाही, तं उडवता काऊन?"
याचं उत्तर माझ्याकडे अकरा वर्षांपासून नाही.

त्यांनी दोऱ्या माझ्या हातातनं घेतल्या.
टाचा रोवून, खांबाकडे तोंड करून मागे रेलले,
गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर.
मला हसू आलं नाही.
हे असं उभं राहायला मला दोन मोसम लागले होते.

डोळे मिटून एकेक दोरी
अंगठ्यावरून सरकवत गेले,
जशी किनारीची तार बघायचे.
"हे लंबी झाली. चार बोटं."
पुढची, डावीकडची.
मी टेप आणला. सात सेंटीमीटर. चार बोटंच.
गेलं वर्षभर पतंग डावीकडे ओढायचा
आणि मी खांद्याला दोष देत होतो,
खांद्याच्या डॉक्टरला नऊ हजार देऊन बसलो होतो.

त्यांनी मागची गाठ सोडली, पुढे घेतली,
दातानं आवळली. मी म्हणालो, दातानं नको.
ऐकलं नाही.
"वारा किती रायते तिकडं?"
पंचवीस-सव्वीस नॉट.
"नॉट म्हंजे?"
गाठ. तिकडे वारा गाठींत मोजतात.
ते थोडा वेळ खांबाकडे बघत राहिले.
"सव्वीस गाठी," म्हणाले,
"तेवढ्या तं मी चहाच्या आधी मारत होतो."

दूधवाल्यानं हॉर्न दिला.
पुन्हा दिला.
गल्लीत पानही हलत नव्हतं
आणि बाबा दोऱ्या सोडत नव्हते.