सहा चौकोन

साखळीच्या हार्डवेअरवाल्याने
सहा छोट्या डब्यांत सहा रंग दिले,
म्हणाला, वहिनी, आधी भिंतीवर लावून बघा,
एकदा दिवसाउजेडी, एकदा ट्यूबखाली.
मी बाहेरच्या खोलीत, मोठ्या भिंतीवर
वीतभर रुंद सहा चौकोन रंगवले
आणि त्यांच्याकडे बघता बघता
आषाढ गेला, श्रावण सरत आला.

पहिल्याला कॅटलॉगात काही भारी नाव होतं.
मामंजी म्हणाले, ही तर पेजेवरची निवळ.
तेच नाव राहिलं.
दुसरा भिरंडाच्या सालीचा,
वाळत घातल्यावर दोन दिवसांनी होतो तसा.
तिसरा आरटीओच्या कचेरीचा, असं सगुण म्हणाला
आणि तो तिथेच बाद झाला.
चौथा नेमका स्वरांगीच्या डोक्याशी आला,
तिने पाठ टेकून पेन्सिलीने रेघ मारून घेतली.
पाचव्यावर मीच एका घाईत
सिलिंडर लावल्याची तारीख लिहून ठेवली.
सहावा निळा.
त्याला कुणी काही म्हणालं नाही.
मला तो आवडला होता, म्हणून मीही गप्प.

या घरात रंग निवडायची रीतच नव्हती.
दारावरून ट्रक जायचे, एकाला एक चिकटून,
पिसुर्ल्याहून धक्क्यापर्यंत.
रस्ता लाल, फणसाची पानं लाल,
दोरीवरचं मामंजींचं धोतर लाल,
दुधावरची साय उचलली तर तिच्यावरही
किंचित, केशर टाकल्यासारखं.
मामंजी म्हणायचे, कसलाही लावा.
दसऱ्याला लावा, शिगम्यापर्यंत एकच होतो.

त्याच लालीवर जेवलो, हेही खरं.
सगुणचा ट्रक, ट्रकचा हप्ता,
हप्ता जाऊन उरलं त्यातून फ्रीज,
स्वरांगीच्या कानातली फुलं.
मग खाण बंद पडली.
ट्रक माडाखाली उभा राहिला तो राहिलाच.
घोसाळ्याचा वेल पुढच्या चाकावरून चढला,
मामंजींनी त्याला आरशापर्यंत सुतळी बांधून दिली.
सगुण आता कुंडईला, कारखान्यात, रातपाळीला.
दिवसा झोपतो म्हणून आम्ही हळू बोलतो
आणि हळू बोलून
रंगावरून भांडता येत नाही.

एका दुपारी सहज टेबलावरून बोट फिरवलं.
बोट कोरं.
खिडकीच्या गजावरून फिरवलं. कोरं.
फ्रीजच्या डोक्यावरून, स्टुलावर चढून. कोरंच.
तेव्हा कळलं इतके दिवस माझा हात का उचलत नव्हता.
आता जे लावीन ते तसंच राहणार होतं.
नंतर धुळीवर ढकलता आलं नसतं.

चवथ आठ दिवसांवर आली तेव्हा
इनास रंगारी शिडी घेऊन दारात,
बाये, कुठचा?
निळा, मी म्हटलं,
ते इतकं हळू की त्याने पुन्हा विचारलं.
आतून, पांघरुणातून, सगुणचा आवाज आला:
निळा म्हणते ती. दोन हात मार.
म्हणजे झोप लागली नव्हती तर.

मामंजी केरसुणी घेऊन ट्रकवर चढले.
या वयात, लुंगी खोचून.
हौद्याच्या कोपऱ्यातून खरवडलेली माती
करवंटीतून घेऊन आले.
चुन्यात कालव, म्हणाले, खाली पट्टा ओढ,
आमची आई गेरूचा ओढायची.
इनास म्हणाला, हा टिकणार नाही, पात्रांव.
टिकायला कोण सांगतंय, मामंजी म्हणाले.

स्वरांगीने चौथा चौकोन रंगवू दिला नाही.
इनासने कुरकुरत त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला.
दिवाळीपर्यंत रेघ तिच्या केसांत बुडाली.
पाहुणे विचारतात, इथे फोटो होता का कुणाचा?
नाही, आम्ही म्हणतो,
आणि जाताना त्यांच्या हातात
घोसाळी देतो, ट्रकवरची.