प्रकरण पाच : मर्यादा

पुस्तकपेटी जांबोटीकडच्या शाळेला दिली,
ओढ्यापलीकडच्या शाळेला नाही.
खरंतर चिठ्ठ्या टाकायच्या होत्या.
हलगेकर गुरुजी हसले,
"पोरांचा कौल लावताय काय, बाई?
पेटी आमी मागून घेतलीय. तीन अर्ज केलेत."

ते तीन अर्ज माझ्या तक्त्यात कुठेच नाहीत.
तक्त्यात आहे : आधी अकरा पूर्णांक चार, नंतर सतरा.
पेटी नसलेल्या शाळेत बारावरून तेरा.
पुण्याहून सरांचा फोन, "छान! फरक आहे."

फरक आधीपासून होता.
इथं चोर्ल्याची बस शाळेपुढं थांबते.
तिथं दोन शाळांत मिळून एक मास्तर.
इथं पेटीची किल्ली गुरुजींच्या खिशात,
खिशाला भोक पडेपर्यंत.
आणि भरमा घाडी, जोडाक्षर आलं की ज्याला घाम फुटायचा,
दुसऱ्या चाचणीला नव्हताच;
बापाबरोबर म्हापशाला गेला, बांधकामावर.
त्याच्या जाण्यानं सरासरी चढली.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

माझी मावशी शिनोळीला दिलेली, आई इकडं.
मधून राज्याची रेघ.
देताना कुणी नाणं उडवलं नव्हतं :
मावशीला स्थळ आधी आलं,
आई सावळी होती.
आई अजून म्हणते, "मला तिकडं दिलं असतं तर..."
आणि भाकरी उलथते.
त्या 'तर'मध्ये माझा तुलनागट राहतो,
एकटीच मुलगी,
कानडी न शिकलेली.
तिला प्रश्नावली पाठवता येत नाही.

मर्यादा लिहायला बसले.
आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो, खरं उशीर होईल.
गुण वाढले, खरं
सरांनी समासात तांबडी खूण केली :
'इथे खरे कशाला? सिद्ध कुठे झालंय?'

निकाल सांगायला गेले.
गुरुजींनी खुर्ची पुसली.
"पेटीमुळंच की, बाई?"
"पोरं वाचायलीत, गुरुजी. खरं..."
ते थांबले. इथलेच ते.
या शब्दानंतर अजून काहीतरी यायचं असतं
हे त्यांना ठाऊक.
मला पुढचं सुचेना.

बाहेर तिसरीतली एक पोर
उभ्या बसची कानडी पाटी
बोट फिरवत, अडखळत वाचत होती.
ते चाचणीत नव्हतं.