ऐकीव

एम. ए.च्या शेवटच्या सत्राला प्रबंध लागतो.
मी विषय घेतला क्रियापदाच्या शेपटीचा.
कोरियन माणूस ऐकीव गोष्ट सांगताना
वाक्याच्या टोकाला 'दॅ' जोडतो.
एवढंच. एक अक्षर, साठ पानं.
त्यासाठी दिल्ली कशाला, हे घरात कुणी विचारत नाही,
शिष्यवृत्ती आहे तोवर.

सुट्टीत निपाणीला आले.
मागच्या वखारीतून तंबाखूची धूळ
शब्दकोशाच्या कडांवर बसते.
शिंकत शिंकत मी ऐकते
ओक-बुन नावाच्या बाईची मुलाखत.
वय एक्याण्णव. धाकटा भाऊ उत्तरेला राहिला,
गाढवाला पाणी दाखवून येतो म्हणाला होता.
आता? विचारणारा विचारतो.
ती म्हणते, सारा इत्तॅ.
मग टेपवर बराच वेळ नुसता पंखा.

सारा, जिवंत. इत्, असणं.
त-पुढे दॅचा तॅ होतो, हा नियम पहिल्या सत्रातला.
तॅ म्हणजे मी पाहिलं नाही.
तॅ म्हणजे कुणीतरी सांगितलं,
आणि त्यालाही कुणीतरी.

सरांनी समासात लिहिलंय, इंग्रजीत नीट आणा.
मी आणलं, तर भाऊ एकदम वर्तमानपत्रात गेला,
आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली.

बाबा दुकानांचे बोर्ड रंगवतात.
वर कानडी मोठं, खाली मराठी बारीक,
नियमाप्रमाणे, फूटपट्टी लावून.
माझी वही उलटसुलट धरून म्हणाले,
"गोल आन् काठ्या. वेलांटी न्हाई, रफार न्हाई.
दोन दिसात हात बसंल."
पत्र्याच्या तुकड्यावर लाल ऑइलपेंटनं माझं नाव काढलं.
एक काडी खाली हवी होती, ती वर गेली,
कुंदाची कोंदा झाली.
मी सांगितलं नाही. पत्रा वाळतोय.

वर्गातल्या मुली विचारतात,
तुमच्याकडेपण तसंच ना, बॉर्डर?
इतिहासाच्या पेपरात मी पानभर लिहिलं होतं
शाळेत बंद झालेल्या भाषेवर, बदलायला लावलेल्या नावांवर,
तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलीनं
माझ्या हातावर हात ठेवला.
मी काढून घेतला.
आमच्या बॉर्डरवर टोलनाका आहे.
कागलची आत्या दुपारी आमटी घेऊन येते
आणि दिवेलागणीला डबा घेऊन परत जाते.
पेटलं की एसटी कोगनोळीवरून माघारी वळते,
एखादी काच फुटते, कुणीतरी बोर्डाला काळं फासतं,
बाबांना काम लागतं.
तिसऱ्या दिवशी कंडक्टर पुन्हा तिकीट फाडतो.
ओक-बुनला तिसरा दिवस आलाच नाही.

संध्याकाळी निंगव्वा येते,
आमच्या उंबऱ्यावर बसून विडीची पानं कापते.
तिचा बसू गुंटूरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला
त्याला अकरा वर्षं झाली.
दरवर्षी कुणीतरी ड्रायव्हर काहीतरी सांगतो.
यंदा ती आईला म्हणाली,
"बळ्ळारीयाग अदानंत."
आई म्हणाली, "हाय म्हनं न्हवं? मग बरंच हाय की."
आणि दोघी कापत राहिल्या.

मी हेडफोन काढला.
'अदान', आहे.
आणि मागे लागलेलं ते 'अंत'.
लहानपणापासून हे बोलते मी,
आणि साठ पानं लिहायला दिल्लीला गेले.

वहीत तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या.
इंग्रजीची चौकट तशीच रिकामी.
सर काय म्हणतील ते म्हणोत.

निंगव्वानं विचारलं, काय ऐकतेस गं दिवसभर?
मी तिला सांगितलं, जमेल तितक्या कानडीत,
म्हातारी, भाऊ, गाढव, मधली तार.
तिची कातरी थांबली.
"तम्म अदान एनु?"

टेपवरचा पंखा अजून चालू होता.
मी म्हटलं, "अदानंत."
तिनं मान हलवली
आणि पुढचं पान कातरीत धरलं.