सुई थांबेपर्यंत

खडेबाजारातल्या चार मजली इमारतीच्या तळघरात
मी आधी डावा गुडघा टेकतो,
उजव्याची मनधरणी करतो, मग तोही येतो.
समोर पितळेचं धूड: एकामागे एक दोन झडपा,
बाहेर चार बारक्या तोट्या,
आत स्प्रिंग आणि रबराची चकती,
दहाच्या नाण्याहून जराशी मोठी.
तिच्या भरवशावर वरती
दाताचा दवाखाना, दोन वकील, एक लॉज
चुळा भरतायत, चहा उकळतायत.
आणि मागच्या अंगाला इराण्णाची रंगाई,
सुताच्या लडी दिवसभर हौदात बुडालेल्या.

मॅनेजर जिन्यावरूनच म्हणतो,
"गेल्या वर्षी बघितलंय की हो सगळं.
कार्ड भरून टाका, चहा सांगूलालोय."

पाणी पुढंच जातं असं लोकांना वाटतं.
तोटी सोडली की येतं, म्हणून.
पण हिंडलग्याकडं कुठं जेसीबीचा दात लागला,
मोठी लाइन फुटली,
की गावभरच्या नळांतला जोर एकदम सरतो
आणि पाइप उलटा घोट घेतो.
ज्याच्या टोकाशी जे असेल ते:
बादलीत विसरलेली रबरी नळी, बॉयलर, हौद.
आवाज होत नाही.

खासबागेत, अकरा वर्षांपूर्वी,
कार्डावर सही माझी होती. तारीख बरोबर.
झडप मी खोललीच नव्हती.
येळ्ळूरला मावसभावाच्या मुलीचं लग्न,
पंगत बसलेली, दोनदा फोन आलेला.
तिसऱ्या दिवशी सुगंधा उचगावकर
तांब्या घेऊन माझ्या दारात. एवढंच म्हणाली,
"हे काय येवलालाय, बघ की."

तांब्यात जांभळं पाणी.
इरकलीच्या काठाला शोभलं असतं.
सुंदर होतं, हे सांगायची अजून लाज वाटते.
गल्लीतल्या चार पोरांना उलट्या झाल्या.
कुणी दगावलं नाही.
हे मी लगेच सांगून टाकतो दर वेळी,
कुणी विचारलं नसलं तरी.
झडपेतून निघाला एक खडा,
आंबेमोहोराच्या शितापेक्षा लहान.
चकतीला टेकू देत नव्हता, बस.

तर आता मी पुढचा व्हॉल्व्ह बंद करतो.
वर दवाखान्यात कुणाची तरी चूळ अडते,
डॉक्टरीणबाईंचा आवाज दोन मजले उतरून येतो.
गेजच्या नळ्या लावतो, हवा काढतो.
हवा राहिली तर सुई खोटं बोलते.
गुरुसिद्ध टॉर्च धरतो. पोरगा बैलहोंगलचा,
त्याचं मराठी तुटकं, माझं कन्नड त्याहून तुटकं,
आकडे मात्र त्याचेच चालतात:
"ऐदु."
"नाक्कु."
"मूरु."
मी त्याच्याकडं बघत नाही.
"निंतिल्ला, मामा."

थांबत नाही.

झाकण खोलतो. चकतीवर नखानं ओढावी तशी चीर,
स्प्रिंगच्या वेटोळ्यात लोखंडाचा लाल गाळ.
बैठक फडक्यानं पुसतो, मग बोटानं चाचपतो;
फडक्याला कळत नाही ते बोटाला कळतं.
नवी चकती शर्टाच्या खिशात होती, विड्यांच्या बंडलाशेजारी,
तिला तंबाखूचा वास. धुतो. पुन्हा धुतो.
मॅनेजर आता जिना उतरून आलाय,
पँट वर धरून, पाण्यात पाय न घालता,
"अजून किती?" विचारतो.
विचारू दे.

बसवली. आवळली. हवा काढली.
सुई चढते, थरथरते,
एका जागी येऊन उभी राहते.
गुरुसिद्ध मनात साठ मोजतो, ओठ हलतात.
"निंतु."
मी म्हणतो, अजून एकदा मोज.

कार्ड भिजलंय, पेन उठत नाही.
भिंतीवर कोरडी जागा शोधत मी हात फिरवतो.
पायरीवर चहा, साय धरलेला.
गुरुसिद्ध मोजतोय:
नलवत्तु, नलवत्तोंदु…