सहा अंडी, एक शब्द

डेव्हनमध्ये, मूरच्या कडेला, रस्ता एका गाडीपुरता
आणि दोन्ही अंगांना झुडपांचं कुंपण, माणसाहून उंच.
तिथे थर्झा लस्कमच्या फाटकाशी एक लाकडी पेटी.
सहा अंडी, दोन पौंड, पैसे डब्यात टाका.
राखणीला कुणी नाही. नुसता भरवसा.

मी दुधाचा टँकर चालवतो. पहाटे पाचला तिथे थांबतो.
खोक्यातून पहिल्यांदा चिठ्ठी निघाली
तेव्हा वाटलं, अंड्यांचा भाव वाढला.
वर मायना नाही, खाली सही नाही.
पेन्सिलीने एवढंच :
स्म्यूज. कुंपणाच्या बुडाशी
ससा रोज जाऊन जाऊन पडलेलं भोक.

चाळीस वर्षं मी ती भोकं बघतोय
हेडलाइटच्या उजेडात.
त्यांना नाव असतं हे कुणी बोललं नव्हतं.
त्या दिवशी सात मैलांत एकोणीस मोजली
आणि पहिल्या गोठ्यावर उशिरा पोचलो.

मग लागलंच ते व्यसन.
ॲप्रिसिटी : हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब.
खाली बारीक अक्षरात :
चारशे वर्षांपूर्वी कुणी कोशात ठेवला,
तेव्हापासून फारसा कुणी उचलला नाही.
वाया जाईल. वापरा.

ग्रोक म्हणजे दुसऱ्याच्या घासाकडे
आशेने टक लावून बसणं.
तो मी कुत्र्याला लावला.
बायकोने मला लावला.

खोकं वेगळं, चिठ्ठी वेगळी.
त्यामुळे शुक्रवारी पबमध्ये हातउसने व्यवहार सुरू झाले.
पोस्टमन क्लेमंट यो दोन जुने देऊन एक नवा मागायचा.
शाळेतल्या बाई अंडी खात नाहीत, तरी डझनाने न्यायच्या.
आणि धाकटा जॅगो, एका कडक सकाळी,
फांदीफांदीवर बर्फाचा पापुद्रा उन्हात लखलखला तेव्हा
‘ॲमिल! ॲमिल!’ ओरडत शाळेच्या उलट दिशेला पळाला.

मॉर्वेनाला निघाला उहतकेअरे.
फार जुना. पहाटेआधी जागं पडून केलेली काळजी.
तिचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर असतो.
तिने चिठ्ठी फ्रिजला चिकटवली.
म्हणाली, मला वाटायचं हे माझं एकटीचंच आहे.
हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी
छताकडे बघत पडलं होतं म्हणायचं.

फेब्रुवारीत सगळ्याच खोक्यांत एकच चिठ्ठी :
आजवर दिलेल्यांतला एक शब्द
कुठल्याच कोशात नाही. माझा आहे.
कोणता, ते सांगणार नाही.

काय कालवा झाला!
क्लेमंट तावातावाने लायब्ररीला निघाला,
पुलापर्यंत गेला,
आणि का कोण जाणे, परत फिरला.
बाई म्हणाल्या, ही फसवणूक आहे. अंडी मात्र घेतली.
मॉर्वेना ग्लास पुसत राहिली.
माझा खोटा असेल, ती म्हणाली, तर मला कळवू नका.
आणि जॅगोने शपथेवर सांगितलं, ॲमिल खरा आहे,
त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

मी कधी कुणाला काही लिहिलेलं नाही.
लॉगबुकात लिटर लिहितो, तेवढंच.
पण त्या आठवड्यात डब्यात दोन पौंड टाकले
आणि पावतीच्या पाठीवर खरडलं :
अंधारात खोकं उचलावं
आणि तळाशी एक अंडं अजून कोमट लागावं,
म्हणजे आत्ताच, आपल्या जरा आधी,
कुणीतरी इथे येऊन गेलंय,
याला काय म्हणतात?

दुसऱ्या दिवशी सहा अंडी.
एक कोरी चिठ्ठी.
आणि चावून चावून आखूड झालेली पेन्सिल.

आज बारावा दिवस. ती कानामागे आहे.
वळणावर स्म्यूजमधून एक ससा निघतो,
मी ब्रेक दाबतो,
मागे टँकरमध्ये दूध हेलकावतं.
जिभेवर काहीतरी येतंय.
अजून नाही.