पान एकसष्ट

कीलुंगच्या बंदरावर मे महिना
धुतलेल्या, पण न वाळलेल्या चादरीसारखा
आठवडाभर लोंबतोय.
पाऊस नाही. ऊन नावापुरतं.
धक्क्यापलीकडे डोंगर आहेत
असं ऐकून आहे.

माझं दुकान चार हात रुंद.
किल्ल्या, कुलपं, मोडक्या छत्र्यांच्या काड्या
आणि गल्ल्याशेजारी वाचनालयाचं जाडजूड पुस्तक,
ज्यात पहिल्या पानापासून बर्फ पडतोय.
नऊ दिवस झाले,
मी पान एकसष्टवर आहे.

वाचत नाही असं नाही.
रोज वाचतो. तोच परिच्छेद.
वळणावर गाडी थांबते,
म्हातारा पोस्टमन खाली उतरून
घोड्याच्या पापण्यांवरचा बर्फ बोटानं झटकतो,
आणि पुढच्या ओळीवर जावं
तर माझ्याच हनुवटीवरून घामाचा थेंब
नेमका पूर्णविरामावर.
नाहीतर कुणीतरी दारात:
“किल्ली लागत नाही हो.”

या दिवसांत किल्ल्या बिघडत नाहीत.
दारं फुगतात.
सांगून सांगून थकलो. आता मुकाट कानस घेतो,
दोनदा घासल्यासारखं करतो,
आणि म्हणतो, दार जरा उचलून धरा, मग फिरवा.
लागते.
लोक म्हणतात, हाताला गुण आहे.

समोर ग्वे-चूची सूपची गाडी.
भर दुपारी गिऱ्हाईक नसतं,
उकळत्या पातेल्यात माशांचे गोळे
तिच्यासारखेच कंटाळून वरखाली होतात.
ती पळी हलवत रस्त्यापलीकडून ओरडते,
“पडतोय का अजून?”
“पडतोय.”
“घोडा?”
“उभा आहे.”
तिनं आयुष्यात एक पुस्तक हातात धरलेलं नाही,
पण त्या घोड्याची तिला काळजी लागलीय.

परवा नीट पाहिलं
तर एकसष्टवर मी एकटा नाही.
कोपऱ्यात कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ,
समासात चिरडलेला एक डास,
शिवणीत बसचं तिकीट, शाई उडालेली.
मी माझा कप त्या वर्तुळावर ठेवून पाहिला.
बसला बरोबर.
उचलावासा वाटेना.

आज मुदत संपली, म्हणून गेलो.
वाचनालयात दमट हवा शोषणारं यंत्र घरघरत होतं.
चान बाईंनी त्याची टाकी ओढून काढली,
काठोकाठ भरलेली,
खिडकीतल्या कुंडीत ओतत म्हणाल्या,
“रात्रीतून एवढं.
सगळं यांच्यातलं,”
आणि कपाटांकडे मान हलवली.
मी त्या पाण्याकडे पाहत राहिलो.
किती जणांचे थांबलेले परिच्छेद असतील त्यात,
कुणास ठाऊक.

पुस्तक उघडून त्यांनी तारखा पाहिल्या.
“हे मे महिन्यातच जातं,” म्हणाल्या,
“आणि जूनमध्ये परत येतं.
पुढं काय होतं, मला विचारू नका,
मीही त्या पोस्टमनलाच सोडून आले.”
शिक्का उचलला, ओलसर कागदावर
तो उठला नाही, नुसता उमटल्यासारखा झाला.
चौदा दिवस मिळाले.

परत येताना शर्ट पाठीला चिकटलेला,
पुस्तक शर्टाला.
दुकानाशी एक मुलगा उभा,
हातात चकचकीत नवी किल्ली, चेहरा रडवेला.
त्याला म्हटलं, कानस नको,
चल, तुझं दार दाखव.

ग्वे-चूनं पळी उंचावली:
“आज तरी निघाला का घोडा?”
नाही म्हटलं.
“राहू दे मग उभाच,” ती म्हणाली,
कपाळ मनगटानं पुसत,
“असल्या हवेत
कुठं पळवतोस त्याला.”