खिडकी क्रमांक दोन

बसा अंबादास, पंख्याखाली बसा.
विडी घरकुलहून भर उन्हात सायकल मारत आलात,
आधी पाणी प्या. मग ती पिशवी उघडा.

केवढी ही माहितीपत्रकं! सगळी गुळगुळीत,
सगळ्यांवर तीच हिरवळ.
मे महिना, सोलापूर, आणि हिरवळ.
कुणाला फसवतात ओ?

तुमचं आयुष्य कारखान्यात गेलं, आधी माग, मग रंगाई.
गिऱ्हाईक चादर कशी बघतं, हे मी तुम्हाला काय सांगू?
शहाणं असेल तर आधी उलटी करतं.
मोर नाही बघत, मोराच्या पाठचे धागे बघतं.
कॉलेजही तसंच बघायचं.

उद्घाटनाला, संमेलनाला जाऊ नका. मंगळवारी जा,
दुपारी तीनला, न कळवता.
ग्रंथालयात पुस्तकं किती, हे विचारू नका,
शेवटचं पुस्तक कुणी आणि कधी नेलं, ते वहीत बघा.
प्रयोगशाळेला कुलूप दिसलं तर किल्ली मागा;
शिपाई डोकं खाजवायला लागला की काय ते समजा.
सौजन्या, तू मुलींचं स्वच्छतागृह बघून ये.
नळाला पाणी आहे का. दाराला कडी आहे का.
हे कुठल्याच पत्रकात छापत नाहीत.

टाय लावलेला जो मुलगा ते स्वतःहून पुढे करतील
त्याला नमस्कार करा आणि सोडून द्या.
गेटबाहेर चहाच्या गाड्यावर तिसऱ्या वर्षाची पोरं सापडतील.
त्यांना एकच विचारा,
कोणत्या सरांच्या तासाला तुम्ही दांडी मारत नाही?
एकही नाव आलं नाही, तर चहा संपवा आणि घरी या.

फीचं बोलू. लाजू नका.
मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'इतर' असं लिहिलेलं असतं.
त्या इतरसाठी वहिनींना किती हजार विड्या जास्त वळाव्या लागतील
ते घरी बसून मोजा, आणि पोरीसमोर मोजा.
उत्पन्नाचा दाखला आजच टाका काढायला,
जूनमध्ये रांग पार रस्त्यावर येते.

पुणंच पाहिजे म्हणता.
शेजारच्या कोंडय्यांचा मुलगा तिथे आहे म्हणून.
तो तिथे शिकतो काय, ते मात्र तुम्हाला ठाऊक नाही.
गाव मोठं म्हणून मास्तर मोठा होत नाही, अंबादास.
आणि घराजवळ आहे म्हणून चांगलं, असंही नाही.
होटगी रोडला एका ठिकाणी शेवटची बस साडेपाचला जाते
आणि प्रॅक्टिकल सुटतं सहाला.

हे सगळं मी खिडकीत बसून कधी कुणाला सांगितलं नाही.
एकतीस वर्षं. पाचला शटर पाडायचं असायचं.
एकदा एक पोरगा आला, इरण्णा नाव, हातात दोन फॉर्म.
साहेब, यातला कोणता भरू?
पावणेपाच झाले होते.
मी म्हणालो, ज्याची रांग छोटी, तो भर.
त्याने भरला.

पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.
चांगलंच झालं असेल. का होऊ नये?
पण निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
पावणेपाचला अजून माझं लक्ष घड्याळाकडे जातं.

असो. सौजन्या,
इतका वेळ आम्ही दोघंच बोलतोय.
तुला काय शिकायचंय गं?

रंग? म्हणजे चित्रकला?
नाही?
कापडाचे रंग. ते धरतात का, आणि उडतात का.

तुम्ही मध्ये बोलू नका, अंबादास.
ती तुमच्या नखांकडे बघतेय.
निळं आहे ते अजून, रविवार असून.

थांब, चष्मा घेतो.
ही पत्रकं बाजूला सारू, तुझी वही काढ,
पहिल्यापासून बघू.
घाई नाही,
आत्ताशी पावणेपाच झालेत.